रोज सोळा पोती मीठ आणि एक पडीक बोअर: शिरोळ तालुक्यातील निचरा कामाचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोळ तालुक्यातील एका गावात, पंचगंगेच्या काठापासून दोनेक किलोमीटर आत असलेल्या खोलगट पट्ट्यातील ४० एकर रानाचे हे प्रकरण आहे. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. मी कोल्हापुरात माती-पाणी परीक्षण आणि निचऱ्याच्या कामात सल्ला देतो आणि या कामात पहिल्या भेटीपासून होतो. त्यामुळे यातील एक मोठी चूक माझीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पट्ट्यात ११ खातेदार आहेत. जमीन खोल, काळी, चिकण. उपसा योजनेचे पाणी आल्यापासून तिथे उसाशिवाय दुसरे पीक फारसे झालेच नाही; लागण, खोडवा, पुन्हा लागण असा फेरा वर्षानुवर्षे चालला आणि पाणी कायम पाटाने, सरी तुडुंब भरेपर्यंत दिले गेले. वरच्या अंगाच्या रानांतून झिरपलेले पाणीही याच खोलगटात येऊन थांबते. काळ्या मातीखाली साडेचार-पाच फुटांवर घट्ट थर आहे, त्यामुळे खाली जायलाही वाट नाही. अशा जमिनीत भूजल हळूहळू वर चढते आणि एकदा ते चार फुटांच्या आत आले की उन्हाळ्यात मातीच्या केशनळ्यांतून पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात याला 'मीठ फुटणे' म्हणतात आणि एप्रिलमध्ये त्या बांधावरून चालताना चपलेच्या तळाला लागणारी पांढरी भुकटी पाहिली की त्या शब्दाला दुसरा पर्याय सुचत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पट्टा बरेच दिवस पाण्याखाली राहिला आणि त्यानंतर उत्पादनातली घसरण सर्वांच्या डोळ्यांवर आली. एकेकाळी एकरी ४५ टन देणाऱ्या एका रानात १५ टन ऊस निघाला. उसाला संपृक्त मातीच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या) अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, १.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत सहन होते आणि त्यापुढे दर एककामागे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते, असे सर्वमान्य गणित आहे. त्या गणिताने येणाऱ्या घटीपेक्षाही इथली घट मोठी होती. उरलेला वाटा मुळांना हवा न मिळाल्याचा, म्हणजे पाणथळपणाचा होता.

अडचण आणि पहिला चुकलेला निर्णय

जून २०२० मध्ये दोघा भावांनी मला बोलावले. पहिला पाऊस होऊन आठवडा झाला होता. आम्ही नेहमीप्रमाणे सहा-सात इंच खोलीचे नमुने घेतले आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला तो असा: सामू (पीएच) ८.७, विद्युतवाहकता ०.९. क्षार साधारण, सामू चढा. म्हणजे जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली), असा निष्कर्ष मी काढला आणि जिप्सम टाकण्याचा सल्ला दिला. भावांनी त्या हिवाळ्यात एकरी दोन टन जिप्सम विकत घेऊन पसरले.

या निष्कर्षात दोन चुका एकमेकींना धरून होत्या. पहिल्या पावसाने वरच्या थरातले विद्राव्य क्षार खाली ढकलले होते, त्यामुळे वाहकता कमी आणि सामू जास्त दिसला. तोच नमुना मे महिन्यात घेतला असता तर चित्र उलटे आले असते. दुसरे म्हणजे अहवालातला आकडा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या मिश्रणाचा होता. भारी काळ्या जमिनीत हा आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, आणि पुस्तकातील ४ ची क्षारपड मर्यादा संपृक्त अर्कासाठी आहे. हे मला माहीत नव्हते असे नाही. घाईत अहवाल वाचताना ते लक्षात घेतले नाही, एवढेच.

जिप्समने काय व्हायला हवे होते तेही सांगतो. चोपण जमिनीत चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि त्यामुळे माती पाण्यात फुगून बंद होते. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. यातल्या शेवटच्या पायरीसाठी पाण्याला खाली जायला वाट लागते. आमच्या पट्ट्यात ती नव्हती, त्यामुळे सुटलेला सोडियम तिथल्या तिथेच राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात वर आला. थोरल्या भावाने एकाच वाक्यात मला हे ऐकवले: "साहेब, पोत्यानं आणलं ते पोत्यानं वर आलं."

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही गिरमिटाने तीन खोल्यांचे नमुने घेतले. वरच्या एक फुटात संपृक्त अर्काची वाहकता ९, दुसऱ्या फुटात ७, तिसऱ्यात ६. गिरमिटाच्या भोकात अडीच फुटांवर पाणी लागले आणि ते जिभेला स्पष्ट खारट होते. जमीन मुख्यतः क्षारपड होती. अगदी तळाच्या सहा एकरांत तेवढी क्षारयुक्त चोपण. म्हणजे औषध निचऱ्याचे हवे होते, जिप्समची गरज फार तर त्या सहा एकरांना, तीही नंतर.

विचारात घेतलेले पर्याय

उघडे चर हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. परंतु पुरेसे खोल चर काढायचे तर रानाची बरीच रुंदी जाते, काळ्या मातीच्या कडा ढासळतात आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. पाऊण एकराचा मालक त्याला कधीच तयार होत नाही. ऊस सोडून क्षार सहन करणारे गवत किंवा शुगरबीट घेण्याची चर्चा दहा मिनिटांत संपली. कारखान्याची नोंद, सोसायटीचे पीककर्ज आणि घरचे बजेट तिन्ही उसाला बांधलेले आहे.

उरला तो भूमिगत सच्छिद्र पाइपांचा निचरा. शिरोळ तालुक्यात ही पद्धत आता नवीन राहिलेली नाही. साडेतीन-चार फुटांवर जाळीदार कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाइप समांतर ओळींत टाकायचे, ते मोठ्या संकलक पाइपला जोडायचे आणि चेंबरमधून पाणी ओढ्यात सोडायचे. हे काम एकट्याच्या रानात होत नाही, कारण शेजाऱ्याचे पाणी आपल्याच पाइपात येते. म्हणून ११ जणांची संमती हवी होती. जुलै २०२१ च्या पुराने आणखी एक हंगाम बुडवल्यावर ती एक सोडून सर्वांची मिळाली. तो एक खातेदार शेवटपर्यंत राजी नव्हता, त्याचा विषय पुढे येतो.

खरा पेच निघणाऱ्या पाण्याचा होता. निचरा गुणांक, म्हणजे रानातून रोज काढायच्या पाण्याची उंची, दिवसाला अवघा १ मिलिमीटर धरला तरी १६ हेक्टरांतून दिवसाला १ लाख ६० हजार लिटर पाणी निघते. गिरमिटाच्या भोकांतील पाण्याची वाहकता सरासरी ८ होती, म्हणजे लिटरमागे साधारण ५ ग्रॅम क्षार. गुणाकार केला की रोज ८०० किलो होतात. सभेत मी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि त्याखाली '५० किलोची १६ पोती' असे लिहिले, तेव्हा प्रथमच सगळे गप्प झाले. ओढा उन्हाळ्यात जेमतेम घोटाभर वाहतो आणि खालच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर सात-आठ जण त्याच ओढ्यावर मोटारी टाकून भाजीपाला पिकवतात. त्यांचा निरोप सभेआधीच आला होता: तुमचे मीठ आमच्या कोथिंबिरीवर नको.

पडीक बोअरमध्ये पाणी सोडण्याचा प्रस्ताव

डिसेंबर २०२१ मधील त्या सभेत धाकट्या भावाच्या मुलाने नवा पर्याय मांडला. तो काही वर्षे आखाती देशात तेलक्षेत्रावर काम करून सुट्टीवर आला होता. पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यात ३०० फूट खोल, पाणी मचूळ लागले म्हणून सोडून दिलेली बोअर आहे. निचऱ्याचे पाणी त्यातच सोडावे, असे त्याचे म्हणणे होते. "तिकडं तेलाबरोबर येणारं खारं पाणी परत जमिनीतच घालतात, काका. आपलं तर त्याच्या पासंगालाही नाही."

त्याची माहिती चूक नव्हती. तेलविहिरीतून तेलाबरोबर प्राचीन समुद्राचे, खडकात कोंडलेले पाणी वर येते आणि जुन्या विहिरींत ते तेलाच्या कितीतरी पट असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. अमेरिकेतील नॉर्थ डकोटाच्या बॅकन क्षेत्रातील पाण्यात ते ३०० ग्रॅमपर्यंत आढळतात. हे पाणी उघड्यावर सोडले तर काय होते, याचे उदाहरण त्याच राज्यात विलिस्टन शहराजवळ आहे. जानेवारी २०१५ मध्ये ब्लॅकटेल क्रीक या ओढ्याजवळची पाइपलाइन फुटल्याचे उघड झाले आणि पहिल्या अंदाजानुसारच सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी १० लाख लिटर खारे पाणी सांडले होते. ते ओढ्यातून लिटल मडी नदीत आणि पुढे मिसुरीपर्यंत गेले. अशा जागी क्लोराइड पाण्याबरोबर पुढे निघून जातो, मातीशी बांधला जात नाही. सोडियम मात्र चिकणमातीला धरून बसतो आणि माती फुगवून बंद करतो. तेल सांडलेल्या जागेवर जिवाणू काही वर्षांत काम करतात, मिठाला खाणारा जिवाणू नाही. त्यामुळे तेलक्षेत्रांतील जुन्या गळतीच्या जागा कित्येक दशके उघड्या, गवताविना पडलेल्या दिसतात. आमच्या पट्ट्यातली पांढरी चकंदळे आणि त्या जागा यांचे रसायन एकच आहे, मात्रा वेगळी.

म्हणूनच तेलक्षेत्रात ते पाणी खोल विहिरीने गोड्या भूजलाच्या खूप खाली, मध्ये अभेद्य थर असलेल्या खडकात दाबले जाते. मुलाच्या प्रस्तावात सुटलेली गोष्ट हीच होती. आमची बोअर ३०० फुटांची, वरचे काही फूट सोडले तर केसिंग नसलेली, आणि बेसाल्टच्या ज्या भेगांतून गावच्या विहिरींना पाणी येते त्याच भेगांत उघडणारी. पण हे मी बोलायच्या आधीच सभा दुसऱ्या वळणाला गेली.

भूकंपाचा मुद्दा

मागच्या ओळीतून एक आण्णा उठले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते लहान होते आणि भांडी पडल्याच्या आवाजाने घरचे सगळे अंगणात धावल्याचे त्यांना आठवते. "धरणाच्या पाण्यानं कोयना हलली म्हणत्यात. आणि तुम्ही पाणी जमिनीत घालाय निघालाय?" त्यांच्या या एका प्रश्नाने प्रस्ताव जवळपास निकालात निघाला. मला निकाल मान्य होता, पण त्यामागचे कारण मान्य नव्हते. आण्णांचा मान राखून हे कसे सांगायचे, याचा मी सभेतच बराच विचार केला.

आण्णांच्या भीतीमागे खरे विज्ञान आहे. खडकातील भ्रंश म्हणजे एकमेकांवर दाबून बसलेल्या दोन बाजू. त्या घसरू नयेत म्हणून घर्षण काम करते आणि घर्षण किती, हे त्या बाजू किती जोराने एकमेकींवर दाबल्या आहेत यावर ठरते. भेगेत पाणी असेल तर पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना आतून ढकलतो आणि तेवढा दाब घर्षणाच्या हिशेबातून वजा होतो. ढोबळ हिशेब पाच किलोमीटर खोलीसाठी करू: वरच्या खडकाचे वजन दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १,३०० किलो, तिथपर्यंतच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ५००, उरले ८००. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर भ्रंशाची ताकद ४८० किलो येते. पाण्याचा दाब १० किलोने वाढला तर ताकद ६ किलोने घटते, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. पूर्ण भरलेल्या जलाशयाच्या तळाशी वाढलेला दाब साधारण तेवढाच, १० किलोंचा. सव्वा टक्क्याने भक्कम भ्रंश घसरत नाही. जो आधीच घसरण्याच्या बेतात आहे तोच घसरतो. कोयनेत तसे झाले: १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर लहान धक्के वाढत गेले, १९६७ मध्ये ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली, आणि आजही तिथले धक्के जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशी नाते ठेवून आहेत. कोल्हापूर शहरापासून ती जागा सरळ रेषेत ९० किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथल्या कोणाही वडीलधाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

पाणी दाबून भरल्याने भूकंप होतात हेही सिद्ध आहे. डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका ३.६ किलोमीटर खोल विहिरीत लष्करी कारखान्याचे सांडपाणी भरले जात होते. धक्के सुरू झाले म्हणून १९६६ मध्ये भरणे थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले, कारण खोलवर गेलेला दाब पसरतच राहिला होता. पुढे कोलोरॅडोतीलच रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी दाब मुद्दाम वाढवून आणि उतरवून पाहिला. धक्के त्याबरोबर वाढले आणि थांबले. ओक्लाहोमात तेलाबरोबर आलेले खारे पाणी मोठ्या प्रमाणात खोल आर्बकल थरात भरले गेले आणि ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथला तो थर तळाच्या स्फटिकी खडकाला लागून आहे, म्हणून दाब थेट जुन्या भ्रंशांपर्यंत पोचला.

आमच्या बोअरमध्ये यातले काहीच नव्हते. पाण्याची पातळी जमिनीपासून ३० फूट खाली. बोअर काठोकाठ भरली तरी दाब वाढणार एका किलोपेक्षाही कमी, आणि तोही वरच्या भेगांत काही शे फुटांत विरून जाणार. कोयना परिसरातले भूकंप काही किलोमीटर खोलीवर, सुमारे एक किलोमीटर जाड बेसाल्टच्या खालच्या ग्रॅनाइटी खडकात होतात. आमच्या बोअरमुळे गावातला कपसुद्धा हलला नसता.

मग मी हे का बोललो? निर्णय योग्य दिशेला जात असताना कारण दुरुस्त करण्यात वेळ का घालवला, असे धाकट्या भावाने नंतर विचारले. माझे उत्तर असे: भूकंपाच्या भीतीने बोअर नाकारली असती तर वर्षभराने कोणीतरी 'भूकंपबिकंप काही होत नाही' हे कोठेतरी वाचून आले असते आणि रात्रीत पाइप जोडला असता. खरे कारण दाखवून देणे भाग होते.

बोअरची चाचणी

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही उलटी चाचणी घेतली. पाणी घालण्याऐवजी पडीक बोअरमध्ये भाड्याची पाणबुडी मोटार सोडून सकाळी सातपासून उपसा सुरू केला. चारशे फुटांवर आण्णांची घरगुती विहीर आहे, तिचे पाणी ते आजही चहाला वापरतात. विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला आणि पाणी टेकले तिथे दोरीला गाठ मारली. दर अर्ध्या तासाला एक पोरगा ती दोरी सोडून पाहत होता. साडेनऊपर्यंत काही फरक नव्हता आणि प्रस्ताव मांडणारा मुलगा माझ्याकडे पाहून हसू लागला होता. साडेदहाला गाठ पाण्यापासून चार बोटे वर राहिली. दुपारी एकला पातळी वीतभर उतरली. मोटार बंद केल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा गाठीपर्यंत आले.

बोअरमधून ओढल्यावर विहिरीचे पाणी उतरते, याचा अर्थ बोअरमध्ये घातलेले पाणी विहिरीत पोचू शकते. रोजच्या सोळा पोत्यांपैकी किती पोती आण्णांच्या चहात जातील, हे मोजायची गरज उरली नाही. मुलाने स्वतःच बोअरला लोखंडी झाकण वेल्ड करून घेतले. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ नुसार ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ सोडायला बंदी आहे, तेही मी सांगितले. ते कलम ओढ्यालाही तितकेच लागू आहे, ही अर्धी बाजू मात्र मी त्या दिवशी मोठ्याने बोललो नाही. बोलायला हवी होती.

प्रत्यक्ष कामे

एप्रिल-मे २०२२ मध्ये ऊस तुटल्यावर पाइप टाकले गेले. उताराची पातळी मोजणे, पाइपांतील अंतर आणि चेंबरच्या जागा ठरवणे हे काम नेहमीचे होते, त्यावर अधिक लिहीत नाही. खर्च एकराप्रमाणे वाटला. राजी नसलेल्या खातेदाराच्या बांधावरून संकलक पाइप न्यावा लागत होता. त्याचे रान उंचावर असल्याने त्याला फायदा काहीच नव्हता आणि त्याचे म्हणणे रास्त होते. शेवटी मार्ग त्याच्या कडेने वळवून ९० फूट जास्त पाइप घातला.

ओढ्याचा प्रश्न तीन गोष्टींनी सोडवला. शेवटच्या चेंबरवर व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पाणी हवे तेव्हा कोंडता येते. निकासाचा पाइप बराच पुढे, भाजीवाल्यांच्या शेवटच्या मोटारीच्या खाली नेला. हा खर्च सर्वांना जड गेला, पण याशिवाय त्यांची संमती नव्हती. आणि लेखी ठरले की व्हॉल्व्ह मुख्यतः पावसाळ्यात, ओढा भरून वाहत असतानाच उघडायचा. ओढ्याच्या पाण्याची वाहकता निकासाखाली १.५ च्या वर गेली की बंद करायचा. हातातला मीटर घेतला आणि दर सोमवारी तीन ठिकाणचे आकडे सोसायटीच्या ऑफिसातील वहीत लिहायचे ठरले. वही दोन्ही बाजूंच्या कोणालाही पाहता येते. कागदावर हे सोपे दिसते. पहिल्या पावसाळ्यात पाच सोमवार कोरे आहेत.

पाटपाणी चालूच राहिले असते तर पाइपांनी काढलेले पाणी वरून पुन्हा भरले असते. ११ पैकी सात जणांनी ठिबक केले. बाकीच्यांनी पाळीचे अंतर वाढवले, असे ते सांगतात.

परिणाम

पहिल्या पावसाळ्यात निकासाच्या पाण्याची वाहकता ८ च्या आसपास होती, तिसऱ्या पावसाळ्याअखेर ती ३.५ वर आली. भूजल बहुतेक पट्ट्यात उन्हाळ्यातही साडेतीन फुटांखाली राहू लागले. एप्रिल २०२५ मधील नमुन्यांत ३४ एकरांच्या वरच्या फुटात वाहकता ३ च्या आत आली आणि चांगल्या रानांत एकरी ३८ ते ४० टन ऊस गेला. ४५ अजून कोणाचा झालेला नाही.

तळाच्या सहा एकरांची गोष्ट वेगळी आहे. तिथे क्षार धुतले गेले तसा सोडियमचा प्रभाव उघडा पडला. सामू ९ पर्यंत चढला, माती पावसात लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी होऊ लागली, पाणी पाइपापर्यंत उतरेना. क्षारयुक्त चोपण जमीन जिप्सम न देता धुतली तर असे होते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात असते. या वेळी जिप्सम योग्य ठिकाणी, निचऱ्यावर, तागाच्या हिरवळीच्या खतासह दिले आहे, परंतु ते दोन वर्षे उशिरा. जुलै २०२४ च्या पुरात दोन चेंबर गाळाने भरले आणि दिवाळीपर्यंत कोणी साफ केले नाहीत, त्याचाही फटका याच सहा एकरांना बसला.

भाजीवाल्यांकडून एकदाच तक्रार आली, मार्च २०२३ मध्ये. व्हॉल्व्ह बंद होता तरी ओढ्याचे पाणी खारट लागत होते. वही काढली तर निकासाच्या वरच्या बाजूलाच वाहकता १.८ होती, खारटपणा वरच्या शिवारातून येत होता. वही नसती तर हा दोष कायमचा आमच्या पाइपावर आला असता.

वेगळे काय करता आले असते

पहिले नमुने एप्रिल-मेमध्ये, तीन खोल्यांचे घ्यायला हवे होते, आणि गिरमिटाच्या भोकात पाणी किती फुटांवर लागते हे प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधी पाहायला हवे होते. ते भोक पाडायला वीस मिनिटे लागतात. त्यावाचून भावांचे जिप्समचे पैसे आणि एक वर्ष गेले. मी माझी सल्ल्याची फी परत केली. वर्ष परत करता आले नाही.

निकासाच्या जागेचा विचार पाइपांच्या आराखड्याआधी व्हायला हवा होता. आम्ही रानातून सुरुवात करून ओढ्याकडे गेलो. ओढ्यापासून सुरुवात केली असती तर बोअरचा प्रस्ताव कदाचित उद्भवलाच नसता आणि भाजीवाले सभेत पहिल्या दिवसापासून बसले असते. कायद्याच्या बाजूने संबंधित कार्यालयाचे लेखी मत आम्ही काम झाल्यावर मागितले. ते आधी मागायचे असते.

एका मुद्द्यावर मात्र माझे मन अजून ठरत नाही. व्हॉल्व्ह पावसाळ्यात उघडल्याने क्षार विरळ होतात, नाहीसे होत नाहीत; सोळा पोती ओढ्यातून पंचगंगेत आणि नृसिंहवाडीजवळ कृष्णेत जातात. एका पट्ट्याची पोती नदीला जाणवत नाहीत. तालुक्यातले असे सगळे पट्टे एकाच आठवड्यात व्हॉल्व्ह उघडू लागले तर काय होईल, याचा हिशेब एखाद्या गावाच्या सभेत होऊ शकत नाही, तो खोऱ्याच्या पातळीवर करावा लागेल. बाष्पीभवन तळ्याचा पर्याय आम्ही जागेअभावी सोडला होता. तळाच्या सहा एकरांपैकी एखादा एकर त्यासाठी द्यायला मालक तयार आहे का, हे येत्या उन्हाळ्यात विचारायचे आहे.